मध्यस्थाचे काम कोणाकडे गेले?

गोविंद बल्लाळ देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ साली रंगभूमीवर आले, तेव्हा भद्रेश्वर दीक्षित हे पात्र प्रेक्षकांना समजावून सांगावे लागले नसणार. पैसेवाल्या वृद्ध भुजंगनाथाला बायको हवी आहे, शारदेच्या बापाला, कांचनभटाला, पैसा हवा आहे, आणि या दोन गरजांची गाठ घालून देणारा दीक्षित दोन्ही घरांत ऊठबस ठेवून आहे. नाटकाची चर्चा आजवर जरठ-बालाविवाहाच्या अंगाने झाली आणि ते योग्यच आहे. शारदेची असहायता हाच त्याचा गाभा आहे. पण मराठी माणूस जोडीदार कसा शोधत आला हे पाहायचे असेल, तर दीक्षिताकडे जास्त लक्ष द्यावे लागते. लग्न ज्या दोघांचे त्यांनी एकमेकांशी बोलायचे नाही आणि ज्यांनी बोलायचे त्या दोन घरांना एकमेकांची पुरती माहिती नाही, अशा मांडणीत सगळा व्यवहार मधल्या माणसावर तोललेला असतो. आज फोनवर बोट फिरवत अनोळखी चेहरे पाहणाऱ्या मुलामुलींचा या दीक्षिताशी काही संबंध असेल, हे पटकन पटणार नाही. माझे म्हणणे असे, की तो संबंध थेट आहे. ज्याला आपण ऑनलाइन डेटिंग म्हणतो, तो मध्यस्थाचे काम हळूहळू इतरांच्या हाती जाण्याच्या सव्वाशे वर्षांच्या वाटचालीतला अलीकडचा टप्पा आहे. या वाटेवर पहिले पाऊल टाकणाऱ्याला काय आयते मिळाले आहे आणि काय स्वतःच करायचे उरले आहे, हे ती वाटचाल पाहिली तरच कळते.

मध्यस्थ करत होता ती कामे मुळात तीन. पहिले शोधाचे: उपवर मुलगी कोणाकडे आहे, मुलगा कोणाचा मोकळा आहे, याची खबर ठेवणे. दुसरे हमीचे: घर कसे आहे, जमीन किती, अंगावर कर्ज आहे का, घराण्यात काही दुखणे आहे का, मुलगा कुठल्या नादाला लागलेला नाही ना, याबद्दल स्वतःचा शब्द टाकणे. तिसरे बोलणीचे: हुंडा, मानपान, खर्च कोणी किती उचलायचा, हे कोणाच्याच तोंडावर न येता दोन्हीकडे पोचवणे आणि शेवटी याद्यांपर्यंत आणणे. ही तिन्ही कामे एकाच माणसाकडे असल्यामुळे ती एकच आहेत असे वाटत राहिले. पुढच्या काळात ती एकेक करून सुटी झाली, आणि प्रत्येक वेळी एक काम नव्या साधनाकडे गेले तरी बाकीची जुन्या जागीच राहिली. आपल्याकडच्या जोडीदार-शोधाचा इतिहास मला तरी या फाटाफुटीचा इतिहास वाटतो. त्याला प्रेमविवाह विरुद्ध ठरवून केलेले लग्न असा रंग देण्याची सवय आपल्याला आहे, पण त्या रंगाखाली बरेच काही झाकले जाते.

आधी हे मान्य केले पाहिजे, की मध्यस्थाला फार लांब जावे लागत नव्हते. इरावती कर्वे यांनी ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या १९५३ च्या ग्रंथात दाखवले, की उत्तर भारतात सोयरीक शक्यतो नात्याबाहेर आणि गावाबाहेर होते, तर महाराष्ट्रात अनेक जातींत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानला जातो. उत्तर आणि दक्षिणेच्या रीती इथे एकमेकींत मिसळतात. म्हणजे स्थळ पुष्कळदा आधीच माहितीतले असायचे. नात्यात नसले तर पंचक्रोशीत, बाजाराच्या गावात, जत्रेला येणाऱ्या माणसांत. खबर आणणारे लोकही ठरलेले: ज्योतिषी, उपाध्याय, एखादी बोलकी आत्या, माहेर-सासर अशा दोन गावांची माहिती असलेली कोणतीही बाई. अशा वर्तुळात हमी द्यायला वेगळे कष्ट नव्हते. खोटे बोलणाऱ्याला पुढच्या जत्रेत त्याच माणसांना तोंड द्यायचे होते, आणि मध्यस्थाच्या प्रामाणिकपणामागचे खरे बळ तेवढेच होते. तो स्वभावाने सज्जन असण्याची गरज नव्हती, तो सापडण्याजोगा असला की पुरे. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरते.

मात्र ती हमी कोणाच्या बाजूची होती? ती घराने घराला दिलेली होती. रखमाबाईंचा खटला याचा पुरावा आहे. त्यांचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी लावून दिले गेले. मोठ्या झाल्यावर त्यांनी नांदायला जाण्यास नकार दिला, तेव्हा १८८४ मध्ये दादाजी मुंबईच्या हायकोर्टात गेले. पहिला निकाल १८८५ मध्ये रखमाबाईंच्या बाजूने लागला, अपिलात तो फिरला, आणि १८८७ मध्ये न्यायालयाने त्यांना सांगितले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. १८८८ मध्ये पैसे देऊन तडजोड झाली. या प्रकरणात कुळ, जात, नाते सगळे तपासलेलेच होते. ज्या अर्थाने जुनी माणसे ‘पाहून-सवरून’ म्हणतात, त्या अर्थाने हे लग्न पाहून-सवरूनच झाले होते. न तपासलेली गोष्ट एकच: ज्या मुलीला आयुष्य काढायचे होते तिला तो माणूस चालणार आहे का. ‘शारदे’तही भुजंगनाथाशी होऊ घातलेले लग्न अडते ते सगोत्रतेच्या मुद्द्यावर; नवरदेवाचे वय ते लग्न थांबवू शकत नाही. देवलांनी हे जाणून केले असावे असे मला वाटते. त्या व्यवस्थेत गोत्राला विचारणारे शास्त्र होते, मुलीला विचारणारे कोणी नव्हते.

हे वर्तुळ सैल झाले ते विचारांनी कमी आणि प्रवासाने जास्त. १८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली, पुढच्या दहा वर्षांत ती बोरघाट चढली. सरकारी कचेऱ्या, पोस्ट, शाळा, गिरण्या यांनी माणसे गावातून उचलून मुंबई, पुणे, नागपूर, इंदूर, बडोदे अशी पांगवली. बदलीच्या गावी राहणाऱ्या कारकुनाला मुलीसाठी स्थळ पाहायचे तर पंचक्रोशी होती कुठे? ज्या वर्तुळात हमी फुकट मिळत होती ते वर्तुळच मागे राहिले. मग शोधाचे काम छापील कागदाकडे गेले. लग्नाची जाहिरात ही कल्पना आपली नव्हे. लंडनमध्ये १६९५ साली जॉन हॉटनच्या शेती-व्यापारविषयक पत्रकात एका गृहस्थाने धनवान तरुणी हवी असल्याची जाहिरात दिली होती. आपल्याकडे ती रुजली त्याचे कारण मात्र आपलेच, पांगापांग. आणि एकदा रुजल्यावर तिने मराठीत स्वतःची भाषा घडवली. दर शब्दाला पैसे पडत असल्याने वाक्ये गळून पडली आणि विशेषणे उरली: सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष, निर्व्यसनी, सुस्थित, प्रथमवर, बिजवर, मंगळ चालेल, पोटशाखाभेद नाही, पत्रिकेसह लिहा. ‘सकाळ’, ‘लोकसत्ता’, ‘महाराष्ट्र टाइम्स’ यांच्या ‘वधू पाहिजे’, ‘वर पाहिजे’ या सदरांनी पिढ्यान्‌पिढ्या ही भाषा वाचायला शिकवली. उंची सेंटिमीटरमध्ये, वय वर्षांत, पगार आकड्यांत. माणूस रकान्यांत मांडण्याची ही सवय संगणकाने लावली असे आपण समजतो, ती लावली छापखान्याने.

या जाहिरातींतला सर्वांत दूरगामी भाग मला पेटी क्रमांकाचा वाटतो. जाहिरात देणाऱ्याने नाव-पत्ता द्यायचा नाही, वृत्तपत्राच्या कचेरीत क्रमांकावर पत्रे यायची आणि तिथून ती पुढे पाठवली जायची. म्हणजे शोध चालू असताना शोधणारा लपून राहू शकतो, ही सोय समाजात पहिल्यांदा आली. मध्यस्थाच्या काळात हे अशक्य होते. अमुक घर मुलीसाठी फिरते आहे हे चार दिवसांत सगळ्यांना कळायचे, आणि नकार आला तर तोही कळायचा. पेटी क्रमांकाने नकाराची लाज झाकली. त्याच वेळी त्याने दुसरीही गोष्ट केली: समोर सापडण्याजोगा माणूस ठेवला नाही. जाहिरातीत काय छापायचे ते पैसे देणारा ठरवणार, वृत्तपत्र त्याची शहानिशा करत नाही. शोध छापील कागदाकडे गेला, हमी मात्र तिथे गेली नाही. म्हणून जाहिरातीतून पत्र आले की घरातली माणसे जुन्याच वाटेने जात: त्या गावात आपले कोण आहे, त्या कचेरीत ओळखीचे कोणी काम करते का, अशी ‘चौकशी’ करत. हा शब्द इथे नेमका आहे. जाहिरातीने चौकशी संपवली नाही, ती फक्त शोधापासून वेगळी केली.

ज्यांना जुन्या वर्तुळाने बाहेर ठेवले होते त्यांची गोष्ट निराळी आहे आणि या इतिहासात तिला अर्धीमुर्धी जागा देणे अन्याय होईल. १८५६ मध्ये विधवाविवाह कायदेशीर झाला, पण कायदा झाला म्हणून विधवेसाठी स्थळ आणणारा मध्यस्थ उभा राहिला नाही. विष्णुशास्त्री पंडितांच्या पुढाकाराने मुंबईत १८६९ मध्ये विधवाविवाह घडला तो संघटना उभी राहिल्यामुळे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाईंशी लग्न केले. त्या त्यांच्या मित्राची बहीण, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या विधवा. या लग्नासाठी मुरूडच्या गावकऱ्यांनी कर्व्यांवर बहिष्कार घातला, आणि त्याच वर्षी कर्व्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. ओळख मैत्रीतून आणि शाळेतून झाली, पाठबळ संस्थेने दिले. गावाने दोन्ही नाकारले. डॉ. आंबेडकरांनी १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे असे मांडले, आणि बालविवाह, सक्तीचे वैधव्य या रूढी त्या कुंपणाच्या राखणीसाठी आहेत हे दाखवले. हे ध्यानात घेतले की मध्यस्थाचे एक चौथे, कधी न बोललेले काम दिसते: कुंपण राखणे. तो कोणते स्थळ आणतो याइतकेच, कोणते कधीच आणत नाही, याला मोल होते. १९४९ पर्यंत आंतरजातीय हिंदू विवाहाला वैध ठरवणारा सरसकट कायदाही नव्हता.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत जाहिरात आणि मध्यस्थ यांच्या मधोमध वधू-वर सूचक मंडळे आली, तीही बहुतेक जातवार. त्यांनी हमीचा थोडा भाग परत घेतला. नोंदणीला येणाऱ्याला फॉर्म भरावा लागे, फोटो आणि पत्रिका जोडावी लागे, शुल्क भरावे लागे, आणि मंडळ चालवणारी बाई किंवा गृहस्थ निदान एकदा तरी समोरासमोर बघत. पुढे परिचय मेळावे सुरू झाले. कार्यालयाच्या व्यासपीठावर एकेक मुलगा-मुलगी येऊन ध्वनिक्षेपकावर नाव, शिक्षण, नोकरी आणि अपेक्षा सांगते, समोर आई-वडील सूची उघडून क्रमांकावर खूण करतात. माळी, मराठा, लिंगायत, ब्राह्मण, बौद्ध, सगळ्या समाजांत हे मेळावे झाले आणि होतात. त्यांच्याविषयी नाक मुरडणे सोपे आहे. पण आपल्या अपेक्षा मुलीने चारचौघांत, स्वतःच्या तोंडाने सांगायच्या, ही शारदेच्या काळात न सुचणारी गोष्ट इथे रूढ झाली. पुण्यात विद्या बाळ यांच्या पुढाकारातून आलेले ‘साथ साथ’ हे विवाह अभ्यास मंडळ तर आणखी पुढे गेले. लग्नाळू मुलामुलींनी आधी एकत्र बसावे, लग्नाविषयी बोलावे, एकमेकांना माणूस म्हणून ओळखावे, मग जुळले तर जुळावे, ही त्याची रीत. मराठी समाजाने संगणकाशिवाय केलेला हा प्रयोग मला आजच्या ॲपांपेक्षा अधिक धीट वाटतो, कारण त्यात ओळख आधी होती आणि रकाना नंतर.

इंटरनेट सर्वसामान्य भारतीयांसाठी १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. त्याच वर्षी अमेरिकेत मॅच डॉट कॉम सुरू झाले होते. त्याआधी तीस वर्षे, १९६४ मध्ये लंडनला जोन बॉल यांनी आणि १९६५ मध्ये हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी प्रश्नावली संगणकात घालून जोड्या लावण्याचे उद्योग केले होते. आपल्याकडे मात्र ते डेटिंग म्हणून आले नाही, स्थळ म्हणून आले. अनुपम मित्तल यांचे पुढे शादी डॉट कॉम झालेले संकेतस्थळ आणि जीवनसाथी ही नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धातली. मुरुगवेल जानकीरामन यांनी अमेरिकेत राहून तिथल्या तमिळ लोकांसाठी एक संकेतस्थळ काढले. त्यात लोकांची सर्वांत जास्त गर्दी स्थळांच्या पानावर होते हे पाहून त्यांनी भारत मॅट्रिमनी उभे केले, आणि पुढे त्याची मराठीसह भाषावार रूपे आली. इथेही तेच कारण काम करते. रेल्वेने पांगलेल्यांनी जाहिरात उचलली, विमानाने पांगलेल्यांनी संकेतस्थळ. आणि साधन नवे असले तरी रकाने थेट वधू-वर मंडळाच्या फॉर्मावरून उचललेले होते: जात, पोटजात, गोत्र, रास, मंगळ, वर्ण, उत्पन्न, अपेक्षा. वृत्तपत्राचा पेटी क्रमांक इथे प्रोफाइल क्रमांक झाला.

इथे पहिला आक्षेप येतो. इतक्या मोठ्या जाळ्यात, लाखो माणसांत, जातीचे कुंपण आपोआप विरघळले पाहिजे, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. मलाही तसे व्हावे असे फार वाटते, पण पुरावा तसा नाही. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या ‘आनंदबाजार पत्रिके’त लग्नाच्या जाहिराती देणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दिसले, की जातीबाहेर जाणे टाळण्यासाठी मुलीकडची माणसे वराच्या शिक्षणात पदव्युत्तर आणि अशिक्षित एवढे अंतर सोसायला तयार असतात. याहून बोलकी गोष्ट पुढची: प्रत्यक्षात त्यांना असा काही त्याग करावा लागत नाही, कारण प्रत्येक जातीत शिकलेली, कमावती, देखणी माणसे पुरेशी सापडतात. हाच विचार संकेतस्थळाला लावून पाहा. पूर्वी बदलीच्या गावी आपल्या पोटजातीची चार घरे सापडत नसत, म्हणून ‘पोटशाखाभेद नाही’ असे लिहावे लागे. आता एका कळीसरशी पुण्यापासून न्यू जर्सीपर्यंतची पोटजात गाळून समोर येते. जाळे मोठे झाले तसे कुंपणही लांबवर नेता आले. २०११-१२ च्या भारतीय मानव विकास सर्वेक्षणात आंतरजातीय विवाहांचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपासच निघाले. मुंबईच्या ‘मिड-डे’त मे २०१५ मध्ये एका आईने आपल्या समलिंगी मुलासाठी वर हवा अशी जाहिरात दिली. देशात अशी जाहिरात कोणी पाहिली नव्हती. ती धैर्याची होती यात शंका नाही, पण त्याही जाहिरातीत जातीची अट नाही म्हणताना आपल्या जातीला पसंती राहील असे कंसात लिहिले होते. लग्नाची बाकी सगळी रूढी मागे पडली, रकाना तेवढा उरला.

म्हणूनच ॲपांचे आगमन मला या इतिहासात खरे वळण वाटते, लोक म्हणतात त्या कारणाने मात्र नव्हे. टिंडर २०१२ चे. २०१६ मध्ये त्याने भारतात कचेरी उघडली. त्याच वर्षी आलेल्या त्याच्या जाहिरातीत मुलगी बाहेर निघाली आहे आणि आई तिला संमती देते आहे, असे दाखवले होते. परदेशात स्वैर ओळखींसाठी नावाजलेल्या ॲपला इथे आईची परवानगी चित्रात घ्यावी लागली! सरकारनेही तोच धागा पकडला: जून २०१६ मध्ये विवाहविषयक संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्यांत आपली सेवा फक्त विवाहासाठी आहे, डेटिंगसाठी नाही, हे संकेतस्थळाने जाहीर करावे आणि नोंदणी करणाऱ्याच्या ओळखीचा पुरावा घ्यावा असे म्हटले. एका बाजूला लग्न आणि हमी, दुसऱ्या बाजूला ओळख आणि बिनहमी, अशी रेघ राज्यसंस्थेने ओढली. या रेघेपलीकडच्या ॲपांत बहुतेक ठिकाणी जातीचा, गोत्राचा, पत्रिकेचा रकाना नाही. आडनावही सहसा दिसत नाही. मराठीत आडनाव कळणे म्हणजे अर्धी जात कळणे, म्हणून ही गोष्ट लहान समजू नये. कुंपण यामुळे मोडले असे मी म्हणत नाही, माणसे भाषेवरून, वस्तीवरून, जेवणावरून अंदाज बांधतातच. पण कुंपण राखण्याचे काम निदान साधनाकडून काढून घेतले गेले आहे. ज्यांना ते राखायचे आहे त्यांना ते आता स्वतः राखावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे, आणि तो करणाऱ्यांना जुन्या वळणाचे म्हणून झटकून टाकणे मला मान्य नाही. ते म्हणतात, मध्यस्थ कसाही असो, तो जबाबदार होता. इथे समोरचा कोण आहे हेच माहीत नाही. परदेशातल्या डॉक्टर किंवा इंजिनिअरचे सोंग घ्यायचे, प्रेमाचे बोलायचे, मग भेटवस्तू कस्टममध्ये अडकली आहे म्हणून पैसे मागायचे, अशा फसवणुकीच्या बातम्या नेहमी येतात, आणि तीत पुष्कळदा एकट्या, मिळवत्या, दुसऱ्या लग्नाचा विचार करणाऱ्या स्त्रिया सापडतात. हे दुःख खरे आहे. पण फसवणूक इंटरनेटने जन्माला घातली हे खरे नाही. हिंदू विवाह कायद्याच्या १२ व्या कलमात फसवून मिळवलेल्या संमतीचे लग्न रद्द करता येण्याची तरतूद १९५५ पासून आहे, आणि १९७६ च्या दुरुस्तीने जोडीदाराविषयीच्या महत्त्वाच्या गोष्टीची लपवाछपवीही तीत आणली. संगणक कोणी पाहिला नव्हता, लग्ने मध्यस्थांनी आणि वडीलधाऱ्यांनीच जमवलेली होती, तेव्हाही संसदेला असे लिहावे लागले. दुखणे लपवले जाई, पहिली बायको लपवली जाई, नोकरी फुगवून सांगितली जाई. फरक इतकाच, की तेव्हा खोटे बोलणारा पंचक्रोशीत सापडत होता, आज सापडत नाही. शब्द टाकणारा माणूस गेला, त्याची उणीव कोणी भरायची, हा प्रश्न मात्र या आक्षेपाने अगदी बरोबर विचारला आहे.

त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न कायद्याने एकदा केलेला आहे, आणि तो फसला ते पाहण्यासारखे आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात लग्नाआधी तीस दिवसांची नोटीस लावायची, ती कोणीही पाहायची, हरकत असल्यास घ्यायची, अशी सोय आहे. म्हणजे पंचक्रोशीने करायची चौकशी सरकारी फळ्यावर आणली. हेतू खातरजमेचा होता, परिणाम उलटा झाला: जातीबाहेर, धर्माबाहेर लग्न करणाऱ्यांचे नाव-पत्ते त्यांच्यावर चिडलेल्या माणसांच्या हाती आयते पडू लागले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये ही नोटीस प्रसिद्ध करणे जोडप्याच्या इच्छेवर ठेवले ते यामुळेच. चौकशी सार्वजनिक केली की ती पुन्हा कुंपण राखू लागते, आणि ती अजिबात केली नाही की माणूस फसतो. मग उरते ती लग्न करणाऱ्यानेच करायची चौकशी. आज ॲपवर नाव घालणारी मुलगी ती करतेच: फोटोतला माणूस व्हिडिओ कॉलवर तोच आहे ना ते पाहते, त्याने सांगितलेली नोकरी आणि त्याची जाहीर माहिती जुळते का ताडते, पहिली भेट वर्दळीच्या ठिकाणी ठेवते, कुठे जाते आहे ते मैत्रिणीला कळवून ठेवते, लवकर पैसे किंवा गुपिते मागणाऱ्यापासून दूर होते, काही महिने उलटले तरी मित्र, सहकारी, घर यांपैकी कोणालाच न भेटवणाऱ्याविषयी सावध होते. ही आजीच्या काळची चौकशीच आहे. बदल झाला आहे तो प्रश्न विचारणाऱ्या तोंडात. पूर्वी तिच्याविषयी आणि तिच्या वतीने इतर विचारत, आता तिच्यासाठी तीच विचारते, आणि घराबद्दल विचारून झाल्यावर माणसाबद्दलही विचारते: राग आला की काय करतोस, घरात स्वयंपाक कोण करते, मूल हवे आहे का, माझी नोकरी दुसऱ्या गावी गेली तर. मध्यस्थाच्या यादीत हे प्रश्न कधीच नव्हते. ते काम अवघड आहे, वेळ खाणारे आहे, त्यात मन दुखावते, आणि त्यासाठी कोणी शिकवणी घेत नाही. ‘साथ साथ’सारखे गट जे शिकवत होते ते ॲप शिकवत नाही, ते फक्त चेहरे पुरवते. ही त्रुटी मोठी आहे, पण तिच्यावरचा उपाय जुना मध्यस्थ परत आणणे हा नव्हे, कारण त्याच्या शब्दाने रखमाबाईंना काहीच संरक्षण दिले नव्हते.

विवाह संकेतस्थळावर नोंदणी करताना अगदी सुरुवातीला एक रकाना येतो: हे प्रोफाइल कोणासाठी भरले जात आहे? स्वतःसाठी, मुलासाठी, मुलीसाठी, भावासाठी, बहिणीसाठी, नातेवाइकासाठी, मित्रासाठी. पर्यायांची ती यादी म्हणजे मध्यस्थांचीच यादी आहे, तिच्यात आई-वडील आहेत, भाऊ आहे, आत्या-मावशी आहेत, आणि शेजारी एक नवा पर्याय म्हणून ‘स्वतः’ आहे. डेटिंग ॲप उघडले तर हा रकाना सापडत नाही. तिथे बोलणारा स्वतःच बोलतो आहे, असे गृहीत धरलेले असते.